वहाळाच्या तोंडाशी

नाना, तुम्ही गेल्यावर घरात पहिलं भांडण झालं ते तुमच्या फोटोवरून. तुमच्या महेशला कंपनीतल्या निरोप समारंभाचा फोटो हवा होता, शाल-श्रीफळ घेतलेला. आई म्हणाल्या, "त्यात ते हसत नाहीयेत." त्यांनी कपाटातून दुसरा काढला. तुम्ही समुद्रात उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात कमरेवर, तोंडभर हसू. मी म्हणाले, "तो नको." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण का नको ते सगळ्यांना ठाऊक होतं. फोटोत तुमच्या मागे वहाळाचं समुद्राला मिळणारं तोंड दिसत होतं.

"शुभा, आता तरी पुरे कर," महेश म्हणाला.

मी पुरे केलं. तो फोटो आता हॉलमध्ये लागला आहे. येता-जाता माझी नजर तुमच्या चेहऱ्याआधी तुमच्या पायांखालच्या पाण्याकडे जाते. मग मला तुमचा राग येतो, आणि लगेच माझाही.

मी तळेगाव दाभाड्याची. गावातलं तळं आणि पावसाळ्यात फुगणारा ओढा, पाण्याशी माझी ओळख एवढीच. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात आपण रत्नागिरीकडे गावाला गेलो, तेव्हा सगळी पोरंटोरं समुद्रात आणि मी वाळूत बसून त्यांच्या चपला राखत होते. तुम्ही आलात. "आमच्याकडं चपला कोण नेत नाय. ऊठ." ओढणी कमरेला बांधून मी पाण्यात उतरले. तुम्ही छातीएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडत होतात, "पाय मार गो, पाय! पाण्याशी भांडू नको, त्याच्यावर पड!" तुमचे धाकटे भाऊ, आप्पाकाका, पडवीतून मजा बघत होते. "दादा आता सुनेला होडी पण हाकायला देईल," असं काहीतरी ते मोठ्यानं म्हणाले. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. सुट्टी संपायच्या आत मी पाठीवर तरंगायला शिकले. कान पाण्याखाली, डोळ्यांवर आभाळ, आणि पाठीखाली तुमचा तळहात आहे की तुम्ही तो कधीच काढून घेतलाय, हेही कळत नव्हतं. माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी एवढा घसा कोरडा केला नसता. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्हाला असलं ऐकायची सवय नव्हती आणि मला बोलायची.

माझ्या नोकरीचं मात्र तुम्हाला फार कौतुक. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये मी काम करते, हे तुम्ही संत तुकाराम नगरमध्ये भेटेल त्याला सांगायचात. "आमची सून पाण्यातले जंतू पकडते." पवनेवर फेस दिसला की तुम्ही पुलावर थांबून तावातावानं बोलायचात. नदी मारली यांनी, सगळ्यांना एकदा त्यात बुडवून काढलं पाहिजे. मी घरी आले की विचारायचात, "आज कुणाचं पाणी सापडलं?" आपली दोस्ती त्या प्रश्नावर उभी होती, नाना. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं लागलं.

माझी लेक मुक्ता आजारी पडली तो मे महिना आठवतो ना? गावातली इतर पोरंही होती, पण सलाइन लागलं ते तिला. तालुक्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून तुम्ही म्हणालात, "त्या गोळेवाल्याचा बर्फ. मी सांगतच होतो." मी म्हणाले, "गोळा तर मीही खाल्ला, नाना." लहान मुलं सगळी वहाळाच्या तोंडाशी खेळतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट मनात घेतलं. आम्ही ओढा म्हणतो, तुम्ही वहाळ. वाडीच्या मधून वाहत येतो आणि समुद्राला मिळतो. तिथं पाणी उथळ असतं, कोमट असतं, लाटेची भीती नसते. आईबाप निर्धास्त असतात.

दिवाळीत मी लॅबमधून निर्जंतुक बाटल्या घेऊन गावाला आले. तुम्ही चिडाल असं वाटलं होतं. उलट बर्फाची पेटी तुम्हीच उचललीत. "घे. तीन काय, दहा ठिकाणचं घे. आणि काय निघतं ते आपल्या गावच्या मंडळात वाचून दाखव. पवनेच्या काठच्या लोकांना कळू दे समुद्र काय असतो ते."

खडकांकडच्या टोकाचं पाणी चांगलं निघालं. देवळासमोरचं बरं होतं. वहाळाच्या तोंडाशी मात्र विष्ठेतले जंतू इतके होते, की ते पाणी अंघोळीच्याही लायकीचं नव्हतं. मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. तुम्ही घास तसाच धरून विचारलंत, "विष्ठा म्हणजे गुरांची?"

"गुरांची असू शकते. माणसांचीही."

"गुरं आता राहिलीत कुठं गावात," तुम्ही म्हणालात, आणि घास ताटात परत ठेवलात. मग म्हणालात, "परत कर."

परत केलं. त्या खेपेला बाटली तुम्ही स्वतः भरलीत. आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतलेत, मी दाखवलं तसं बाटलीचं तोंड प्रवाहाकडे धरलंत, झाकण आतून हाताला लागू दिलं नाहीत. आईंनी काठावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "पूजेला बसल्यासारखे करतायत." निकाल तोच आला. मी सांगितल्यावर तुम्ही पिशवी घेतलीत आणि दूध आणायला निघून गेलात. दूध घरात होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बातमी आली की सरकारनं आपल्या किनाऱ्यासाठी निधी मंजूर केला आहे. गावच्या पिंपरी-चिंचवडमधल्या चाकरमान्यांचं मंडळ आणि तुम्ही त्याचे अध्यक्ष. रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली. पेढे वाटले गेले. आप्पाकाका मुद्दाम गावाहून आले होते. कामांची चर्चा सुरू झाली. दगडी पायवाट, बसायला बाकं, दिवे, गावाच्या नावाची कमान. मी हात वर केला. माईकवरून निकाल सांगितला आणि म्हणाले, आधी वहाळाचं पाणी साफ करायची सोय मागू या. किनाऱ्याचा पैसा आहे, किनारा पोहण्याजोगा करण्यासाठी वापरू.

"आणि तुजा रिपोर्ट पेपरात आला की?" आप्पाकाका उठून उभे राहिले. "खोल्या बांधल्यात मी. पर्यटक येतो म्हणून घर चाललंय. आयुष्यात पहिल्यांदा सरकार आमच्या दारात आलंय, न् आमी त्याला गटार दाखवू?"

"गटार दाखवलं तरच ते साफ होईल ना, आप्पाकाका? दिवे लावून काय करायचं? पोरं त्याच पाण्यात खेळणार."

हॉलमध्ये गडबड झाली. मी तुमच्याकडे पाहिलं. माझी खात्री होती, नाना. ती बाटली तुम्ही भरली होती. तुम्ही माईक जवळ घेतलात आणि म्हणालात, "सूनबाई, आपण बसा."

घरी मी शुभा होते. तू होते. 'आपण' हा शब्द तुम्ही परक्यांसाठी ठेवला होता. मी बसले. महेश शेजारी होता, त्यानं माझा हात धरायचा प्रयत्न केला, मी सोडवून घेतला.

आठवडाभर आपण दोघं मुक्तामार्फत बोलत होतो. मग कांद्याचं पोतं आणायला चाकणच्या बाजारात जायचं होतं, महेशची शिफ्ट होती, गाडी मला चालवावी लागली. चौकाच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत आपण अडकलो. तुम्ही समोरच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे बघत बोलायला लागलात.

"आमच्या आईला कायम पोटात दुखायचं. दिवसभर पाणी प्यायची नाय. का, तर अंधार पडल्याशिवाय बायकांना बाहेर जाता येत नव्हतं. पावसात तर हाल विचारू नको. मी कंपनीत चिकटलो, हातात चार पैसे आले, तेव्हा घराची कौलं बदलायच्या आधी संडास बांधला. वाडीतला पहिला. लोक हसले. आप्पा पण हसला. मग मी घरोघर फिरलो. एकेकाला गळ घातली. सगळ्यांनी बांधले." तुम्ही खिडकीची काच खाली केलीत. "कातळात शोषखड्डा जात नव्हता गो. पहार वाकायची. मग मीच सांगितलं, पाइप वहाळात सोडा, भरतीचं पाणी घेऊन जाईल. सगळ्यांनी माझं ऐकलं."

ट्रक हलला. मागून हॉर्न सुरू झाले.

"तू जी घाण म्हणतेस ना, ती मी आहे," तुम्ही म्हणालात.

मला म्हणायचं होतं, की त्या वाडीतल्या प्रत्येक बाईच्या पोटातलं दुखणं तुम्ही थांबवलंत, ते बरोबरच होतं, आता फक्त त्याचं पुढचं काम राहिलंय. पण गिअर टाकायचा होता, रिक्षावाला आडवा आला होता, आणि तुमचा चेहरा असा झाला होता की काहीही बोललं असतं तरी ते सांत्वनासारखं वाटलं असतं. कांदे घेऊन आपण परत आलो. ते वाक्य तिथंच राहिलं.

निधी कशाला वापरायचा ते ठरवणाऱ्या ग्रामसभेच्या चार दिवस आधी तुम्ही एकटे एसटीनं गावाला गेलात. मला वाटलं, माझ्याविरुद्ध माणसं जमवायला. महेशला मी तसं बोललेही. आम्ही पोचलो तेव्हा शाळेचा वर्ग गच्च भरला होता. सरपंचांनी दिवे आणि पायवाटेचा ठराव वाचला. तुम्ही उठलात. तुमचा आवाज कंपनीच्या गेटसभेतसुद्धा शेवटपर्यंत पोचायचा म्हणे. त्या दिवशी पुढच्या रांगेलाही कान द्यावा लागला.

"माझ्या संडासाची पाइप वहाळात जाते. तुमची पण जाते. ती मीच सोडायला लावली. तेव्हा इलाज नव्हता, आता आहे. हा निधी त्याच्यासाठी मागू या. दिवे मागाहून लावू."

एकदम सगळे बोलायला लागले. सुनेनं शिकवलंय. नाना पुण्यात राहून पुण्याचा झाला. त्या वेळी तू सांगितलंस म्हणून केलं, आता काय घरं पाडू? खाली बस, नाना. आप्पाकाका तुमच्या अगदी समोर येऊन म्हणाले, "दादा, तू गावाची अब्रू चव्हाट्यावर आणलीस." दिव्यांसाठी हात वर झाले. तुमच्या बाजूनं मी मत देऊ शकत नव्हते, माझं नाव तिथल्या यादीत नाही. आईंचं होतं. आईंनी तुमच्या बाजूनं हात वर केला. वाडीतल्या बायका आईंच्या हाताकडे बघत राहिल्या, पण आपापले हात पदराखालीच ठेवून.

परतताना घाटात तुम्ही मला एवढंच म्हणालात, "तू सांगितलंस म्हणून नाय बोललो. पाणी मी भरलं होतं म्हणून बोललो." मी पुढं बघून गाडी चालवत होते. मला रडू येत होतं आणि तुम्हाला ते दिसू द्यायचं नव्हतं.

मंडळानं तुम्हाला विश्रांतीचा सल्ला दिला आणि नवा अध्यक्ष नेमला. आप्पाकाकांनी फोन उचलणं बंद केलं. किनाऱ्यावर दिवे लागले, त्याचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर आले. तुम्ही ते चष्मा लावून बघितलेत. "चांगले लावलेत," म्हणालात. आणि दुसऱ्या दिवसापासून जिल्ह्याच्या कार्यालयात फोन करायला लागलात. मग स्वतः जायला लागलात. त्या वयात, त्या उन्हात. एका साहेबानं तुम्हाला बसवून घेतलं आणि सांगितलं, की सांडपाण्यासाठी वेगळा निधी मिळू शकतो. पाइपा एकत्र आणून पाणी दगड-वाळूच्या आणि झाडांच्या थरातून सोडायचं, मगच समुद्राला द्यायचं. गावानं फक्त जागा द्यायची, वहाळाच्या तोंडाजवळ, सखल. अशी जागा तिथं एकच. आपली नारळाची. तुमच्या आणि आप्पाकाकांच्या नावावर.

तुम्ही त्यांना पुन्हा पुन्हा फोन लावायचात. रिंग पूर्ण वाजायची. मग तुम्ही फोन उलटा ठेवायचात.

त्या सकाळी मी डबा घेऊन निघताना तुम्ही गॅलरीत होतात. म्हणालात, "शुभा, संध्याकाळी बोलू. तुझं एक चुकतंय, ते सांगायचंय." मी घाईत होते, तरी हसून म्हणाले, "एकच?" तुम्हीही हसलात. दुपारी महेशचा फोन आला. मी तळेगावहून आणि तो चाकणहून, दोघंही हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा आई बाकावर एकट्या बसल्या होत्या, तुमची चप्पल मांडीवर घेऊन.

माझं काय चुकत होतं, नाना? मी रोज शोधते. गावाशी बोलायची पद्धत? आप्पाकाकांशी? तुमच्याशी? की नारळाच्या जागेचा तुमचा हिशेब मला कळलाच नव्हता? कधी वाटतं, काहीतरी अगदी साधं असेल, गाडी फार वेगात चालवतेस वगैरे. भांडणात शेवटचा शब्द आपलाच, ही तुमची सवय. पण या वेळी तुम्ही तो घेऊन गेलात.

अस्थी घेऊन आम्ही गावाला गेलो. गुरुजी आणि आप्पाकाका पुढं चालत होते. ते थेट वहाळाच्या तोंडाशी जाऊन थांबले. "वडलांच्या अस्थी हितंच सोडल्या," आप्पाकाका म्हणाले, "आजोबांच्या पण. गोडं पाणी खाऱ्याला मिळतं, तीच जागा." वाडी सगळी जमली होती. सगळ्यांना माहीत होतं मी काय म्हणेन. महेशनं कलश छातीशी धरला होता आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की मी जीभ दातांत धरली. मी काहीही बोलणार नव्हते. तुमच्या शपथेवर सांगते. त्या दिवशी तुम्हाला कुठंही सोडलं असतं तरी मी गप्प राहिले असते.

आई पुढं झाल्या. महेशच्या हातातून त्यांनी कलश घेतला.

"भावोजी, इथलं पाणी ह्यांनी स्वतःच्या हातानं भरलं होतं. त्यात काय आहे ते ह्यांना ठाऊक होतं. मी ह्यांना त्याच्यात सोडणार नाही."

"वहिनी, लोक काय म्हणतील?"

"लोक तेव्हाही हसले होते. पहिला संडास बांधला तेव्हा. तुम्हीही हसला होतात. आणि मग तुमची लेक बाळंतपणाला आली तेव्हा पहिले आमच्याच दाराशी आलात, चावी मागायला." आईंचा आवाज चढला नव्हता. "ह्यांनी तुम्हाला किती फोन केले. मी मोजायचं सोडून दिलं."

एवढं बोलून त्या वाळूतून खडकांच्या टोकाकडे चालू लागल्या. महेश त्यांच्यामागे धावला. गुरुजी सोवळं सावरत निघाले. मी आप्पाकाकांकडे पाहिलं. ते मटकन वाळूत बसले होते, नव्या बाकाच्या शेजारी, बाक रिकामं असूनही. मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि आमच्यामागून आले. खडकांपाशी, स्वच्छ पाण्यात, तुमच्या अस्थी त्यांनी आणि महेशनं मिळून सोडल्या. लाट परत आली तेव्हा ते पाण्याकडे बघून "दादा, फोन उचलायला हवा होता रं" एवढंच म्हणाले. मग पाठ फिरवून तोंड धुवायचं निमित्त केलं.

संध्याकाळी ते घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "जागा देतो. पण एक आहे. सूनबाय, दरवर्षी पाणी तपासायचं, आणि निकाल काय येईल तो हितं गावात वाचायचा. चांगला आला तरी, वाईट आला तरी. पिंपरीच्या हॉलात नाय. मागल्या खेपेला मला माज्या घराची घाण परक्या गावात, माईकवरून कळली." मी हो म्हणाले. नाना, तुम्ही जे सांगणार होतात, ते हेच होतं का?

परवा खास ग्रामसभा झाली. आप्पाकाकांनी जागेचं सांगितलं. वाद झालाच. दोन-तीन घरं उठून गेली. एकानं विचारलं, वास मारेल त्याचं काय, पावसात तुंबेल त्याचं काय, आणि प्रश्न चुकीचे नव्हते. मी जमेल तशी उत्तरं दिली, जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाले. निधी कधी येईल हेही कुणाला सांगता येत नाही. पण ठराव झाला. या खेपेला बायकांचे हात पदराबाहेर आले.

त्याआधी मी निकाल वाचला होता. तुम्ही भरलेल्या बाटलीचा. विष्ठेतले जंतू हे शब्द त्या शाळेत, फळ्यासमोर, सगळ्यांच्या तोंडावर उच्चारले. वाचून झाल्यावर मागून एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजे आमच्याच संडासाचं समुद्रात जातंय, न् नातवंडं त्याच्यात खेळतात?"

"हो, आजी."

"मग नाना एवढा शिकलासवरलेला, मंडळाचा अध्यक्ष. त्यानं आदी का नाय सांगितलं?"

आप्पाकाकांनी मान खाली घातली. महेश उत्तर द्यायला उठत होता, मी त्याला हातानं थांबवलं.

"त्यांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "याच वर्गात, उभं राहून. तुम्ही त्यांना बसायला लावलंत."

चारचौघांत तुमच्या बाजूनं बोलायची माझी ही पहिलीच वेळ, नाना. तुम्ही असायला हवे होतात.